गोठीत रेतमात्रांविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सविनय नमस्कार.

आमच्या रेतमात्रा (कृत्रिम रेतनासाठी गोठवलेले बैलाचे वीर्य) वितळवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू चांगले धावताना दिसले, तरीही गाई उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या, असे आपण लिहिले आहे. उणे 196 अंशांवर कसलीच प्रक्रिया होत नसताना विरलकात (वीर्य पातळ करण्याच्या द्रावणात) अँटिऑक्सिडंट (ऑक्सिजनमुळे होणारी हानी रोखणारे द्रव्य) घालतो असे सांगणे ही निव्वळ जाहिरात आहे, हाही आपला आक्षेप आहे.

द्रव नायट्रोजनमध्ये बुडालेल्या स्ट्रॉत (वीर्य भरलेल्या बारीक नळीत) रासायनिक क्रिया जवळजवळ थांबलेल्या असतात, हे आपले म्हणणे बरोबर आहे. नुकसान होते ते त्या तापमानाला पोहोचताना आणि तिथून परत येताना. शुक्राणूच्या पटलात असंपृक्त स्निग्धाम्ले भरपूर असतात. त्यांच्यामुळे पटल लवचीक राहते, पण क्रियाशील ऑक्सिजनचा पहिला घाव त्यांच्यावरच बसतो. पेशीद्रव नावापुरता असल्याने शुक्राणूजवळ बचावाची विकरे (एन्झाइम) मुळातच थोडी असतात, आणि वीर्यद्रवाने दिलेले संरक्षण विरलनामुळे आणखी क्षीण होते. शिवाय गोठवताना मेलेले शुक्राणूही निरुपद्रवी नसतात: बैलाच्या मृत शुक्राणूंतील एक विकर विरलकातल्या अंड्याच्या बलकातील काही अमिनो आम्लांपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते आणि ते शेजारच्या जिवंत शुक्राणूंना भोवते. अँटिऑक्सिडंट घालायचे ते यासाठी, आणि तेही बेताने, कारण अंड्याशी संयोग होण्याची क्षमता येण्यासाठी शुक्राणूला थोडासा क्रियाशील ऑक्सिजन लागतोच.

वितळवल्याबरोबर दिसणारी हालचाल यातले फारसे काही सांगत नाही. पहिल्या मिनिटाच्या हालचालीवरून प्रत ठरवण्याची आमच्या व्यवसायातली रूढी मला कधीच पटलेली नाही. म्हणून आम्ही प्रत्येक बॅचचा नमुना 37 अंशांवर ठेवून काही वेळाने पुन्हा तपासतो.

आपण जोडलेल्या छायाचित्रात मात्र कॅनिस्टर (स्ट्रॉ ठेवण्याचा डबा) नायट्रोजनच्या पात्राच्या तोंडापर्यंत वर आणलेला दिसतो आणि चिमट्याने स्ट्रॉ शोधणे चालू आहे. 0.25 मिलिलिटरची बारीक स्ट्रॉ अशा वेळी काही सेकंदांत तापते. तापमान सुमारे उणे 130 अंशांच्या वर गेले की बर्फाचे स्फटिक पुन्हा वाढू लागतात, आणि स्ट्रॉ परत बुडवल्याने ती हानी भरून निघत नाही. कॅनिस्टर पात्राच्या मानेतल्या हिमरेषेच्या (जिथे हिम साचते त्या रेषेच्या) खालीच ठेवावा. वितळवलेली स्ट्रॉ लगेच वापरावी. अनेक स्ट्रॉ एकदम वितळवून कोमट पाण्यात ताटकळत ठेवू नयेत. गाई केवळ याच कारणाने उलटल्या असे मी म्हणत नाही, माज ओळखण्यात झालेली चूकही तितकीच संभवते. पण पात्र उघडल्यानंतरच्या हाताळणीची हमी आम्ही घेऊ शकत नाही.

उरलेल्या स्ट्रॉ पाठवल्यास त्याच बॅचच्या राखून ठेवलेल्या नमुन्यांबरोबर त्या विनामूल्य तपासू आणि दोन्हींचे आकडे याच ठिकाणी देऊ. स्ट्रॉ नायट्रोजनच्या पात्रातूनच पाठवाव्यात. बर्फाच्या थर्मासमधून आल्यास त्यांत तपासण्यासारखे काही उरत नाही.