लॉकचा नियम कॉमेंटमध्ये लिहून भागत नाही

रत्नागिरीत बसून लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा कोड वाचणाऱ्या आम्हा मोजक्या मंडळींत एक वाद नेहमी निघतो : 'हे फंक्शन बोलावण्यापूर्वी अमुक लॉक (म्हणजे एका वेळी एकालाच माहितीला हात लावू देणारे कुलूप) घेतलेले असावे', अशी कॉमेंट, म्हणजे कोडमध्ये फक्त माणसांसाठी असलेली टीप, लिहिली की काम झाले का? माझ्या मते नाही. कोड बदलतो, कॉमेंट तशीच राहते आणि तिचा खोटेपणा कोणी पकडत नाही. तोच नियम फंक्शनच्या सुरुवातीला 'लॉकडेप अ‍ॅसर्ट हेल्ड' असा लिहिला, तर लॉक न घेता आलेल्याला तपासणी चालू असलेले कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिथल्या तिथे पकडते.

लॉकडेप हा लॉकचा वापर तपासणारा कर्नलमधला भाग २००६ मध्ये २.६.१८ आवृत्तीत आला. प्रत्यक्ष डेडलॉक होण्याची, म्हणजे दोघे एकमेकांच्या लॉकसाठी कायमचे अडकण्याची, तो वाट पाहत नाही. दोन लॉक कधी एका, तर कधी उलट क्रमाने घेतलेली दिसली, तरी तक्रार करतो. मात्र न चाललेल्या कोडबद्दल त्याला काहीच कळत नाही.

ग्राफिक्समध्ये तर क्रम ठरवणेच अवघड, कारण कोणते बफर (मेमरीतले चित्रांचे वगैरे साठे, प्रत्येकाला आपले लॉक) कोणत्या क्रमाने लागतील हे वापरकर्त्याचा प्रोग्राम ठरवतो. त्यासाठी २०१३ मध्ये वूंड-वेट म्यूटेक्स हा लॉकचा खास प्रकार आला. आपल्या कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर क्रॉसिंगला एक गाडी नुसती थांबते. इथे मात्र दोघांची गाठ पडली की नंतर आलेल्याला हातातली सगळी लॉक सोडून पुन्हा सुरुवात करावी लागते.

सर्वांत फसवे प्रकरण डीएमए-फेन्सचे, म्हणजे ग्राफिक्स चिपचे एखादे काम संपल्याचा सिग्नल ज्यातून मिळतो त्याचे, कारण ते लॉकच नव्हे. मेमरी कमी पडली की ती परत मिळवणारा कोड फेन्सची वाट पाहू शकतो; आणि फेन्सला सिग्नल देणाऱ्या कोडनेच नेहमीच्या पद्धतीने मेमरी मागितली, तर दोघेही एकमेकांसाठी अडकून पडतात. लॉकडेपला हे दिसावे म्हणून सिग्नल देणाऱ्या भागाच्या आरंभी आणि शेवटी खुणा करण्याची सोय २०२० मध्ये झाली. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी त्या खुणा टाळू नयेत, असा माझा आग्रह आहे. इशारे त्रासदायक असतात हे मान्य, पण ग्राहकाच्या यंत्रावर गोठलेला पडदा त्याहून त्रासदायक असतो.

मग कॉमेंट कशासाठी? यंत्र नियम मोडल्याचे सांगते, नियमाचे कारण सांगत नाही. म्हणून स्ट्रक्टमधल्या (एकत्र बांधलेल्या माहितीच्या गटातल्या) प्रत्येक फील्डशेजारी त्याचे रक्षण करणारे लॉक लिहावे, आणि एखादे फील्ड लॉकविना वाचले जात असेल तर ते का चालते, हेही. डीआरएमच्या, म्हणजे लिनक्सच्या ग्राफिक्स विभागाच्या, 'स्ट्रक्ट म्यूटेक्स' या जुन्या लॉकबाबत ही नोंद नव्हती. ते नेमके कशाचे रक्षण करते हे एकेका ड्रायव्हरमध्ये शोधावे लागले आणि ते हटवण्यात कैक वर्षे गेली.