उत्तरायण तीन आठवड्यांपूर्वीच लागलंय, आत्या

काल रात्री घरच्या ग्रुपवर आत्याने एक लांबलचक मेसेज टाकला. वर जोडलेले हात, खाली ‘किमान दहा जणांना पाठवा’. हा मेसेज दर जानेवारीत कुठून ना कुठून येतोच आणि दर वर्षी मी गप्प बसतो. या वेळी राहवलं नाही, कारण खाली आत्याने स्वतः लिहिलं होतं, ‘उद्या उजाडताना सगळे गच्चीवर या.’ तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालंय. गच्चीवर कशाला, ते पुढे येतंच.

पहिला दावा असा: 14 जानेवारीपर्यंत दिवस लहान होत जातो, संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो आणि तिथून दिवस तिळातिळाने वाढतो. हे म्हणे आपल्या ऋषींनी सांगून ठेवलंय.

सूर्य वळतो 21 किंवा 22 डिसेंबरला. मुंबई-ठाण्याकडे त्या दिवशी दिनमान साधारण 10 तास 59 मिनिटं असतं. 14 जानेवारीला ते 11 तास 5 मिनिटांवर गेलेलं असतं. म्हणजे तुमचा तीळ भाजून होईपर्यंत दिवस सहा मिनिटं वाढून मोकळा झालेला असतो.

आता ऋषींचं. जुन्या ज्योतिषातलं मोठं नाव वराहमिहिर, सहाव्या शतकातला. त्याच्या बृहत्संहितेत सूर्यावरचा अध्याय उघडतो तोच या विषयाने. तो म्हणतो, आधीच्या शास्त्रांत उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितलंय. ते कधीकाळी तसं असेलही, पण आज ते मकर राशीच्या आरंभी होतं. आणि यातही फरक पडला तर? तर प्रत्यक्ष बघून ठरवा! पद्धतही देतो: उगवता किंवा मावळता सूर्य दूरच्या एखाद्या खुणेशी ताडून पाहा, नाहीतर मोठं वर्तुळ आखून शंकूची, म्हणजे मधोमध उभ्या केलेल्या काठीची, सावली कुठून आत येते, कुठून बाहेर जाते ते टिपा. ज्यांच्या नावाने हा मेसेज फिरतोय त्यांच्यातलाच एक जण दीड हजार वर्षांपूर्वी सांगून गेलाय की पोथीवर विसंबू नका, आकाश बघा. आपण पोथीही उघडत नाही, मेसेज पुढे ढकलतो.

आत्याच्या दिवाणखान्यात थंडीत सकाळचं ऊन भिंतीवर येतं. तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवली असती तरी पुरलं असतं. संक्रांतीपर्यंत उगवतीची जागा डिसेंबरच्या टोकापासून उत्तरेकडे सुमारे दोन अंश, म्हणजे सूर्याच्या चार बिंबांएवढी सरकलेली असते.

‘संक्रांत हजारो वर्षं 14 जानेवारीलाच येते’ हा पुढचा मुद्दा. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, तारीख 12 जानेवारी 1863. एवढ्यावर हे संपायला हवं. पानिपत 14 जानेवारी 1761 ला झालं म्हणून आपण ‘ऐन संक्रांतीला’ म्हणतो खरं, पण मागे गणित करत गेलं तर त्या वर्षीची संक्रांत 10 जानेवारीला पडते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, त्यामुळे ताऱ्यांवर बेतलेली संक्रांत साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे जाते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायण एकाच दिवशी येत होते. मग फारकत झाली. राशींचा आरंभ वेगळ्या ताऱ्यापासून मोजणारं टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत तर संक्रांत आपल्याआधीच होऊन जाते, त्यांचा सूर्य काय वेगळा आहे?

‘संक्रांतीला दिवस-रात्र समान’ हे कोणी लिहिलं देव जाणे. समान होतात मार्च आणि सप्टेंबरमध्ये. ‘उत्तरायणात सूर्य जवळ येतो म्हणून ऊन वाढतं’ हेही उलटं. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, स्वेटरच्या दिवसांत, आणि सगळ्यात लांब जुलैत.

आता गच्ची. मेसेजचं शेवटचं वाक्य: ‘या दिवशीचे किरण निरुपद्रवी असतात, उगवत्या सूर्याकडे दहा मिनिटं एकटक पाहिल्यास चष्मा सुटतो.’ आत्या, हे अजिबात करायचं नाही. चौदा तारखेचा सूर्य तेरा तारखेच्या सूर्यापेक्षा निराळा नसतो. नेमका क्षितिजावर असताना तो मंद असतो, कबूल; पण दहा मिनिटांत तो वर चढतो आणि आपण टक लावूनच असतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून जळताना काहीच जाणवत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसायला लागतो, आणि तो कधीकधी कायमचा राहतो. चष्मा तर सुटणार नाहीच. कोवळं ऊन पाठीवर घे, अर्घ्य दे, हवं तितका वेळ बस. डोळे खाली.

एक गोष्ट मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करतो. आत्या म्हणते, ‘मी सातला उठून तुळशीला पाणी घालते, संक्रांतीपर्यंत सकाळ उशिरानेच उजाडत जाते.’ तिचं खरं आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्याचं मध्यान्हच घड्याळात रोज थोडं पुढे सरकतं, त्यामुळे वाढलेला दिवस सगळा संध्याकाळकडे जातो. नोव्हेंबरअखेर सहाला मावळणारा सूर्य संक्रांतीला सहा वाजून एकोणीस मिनिटांनी मावळतो. सकाळ मात्र लांबतच जाते: 21 डिसेंबरला सात वाजून सात, संक्रांतीच्या सुमारास सात वाजून चौदा-पंधरा. तुळशीपाशी लवकर उजाडायला लागतं ते त्यानंतरच.