'गिफ्ट' लिहिलेला ड्रोन वावरात पोचत नाही

पऱ्हाटीची फवारणी तोंडावर आली की यवतमाळ-अमरावतीकडच्या गावांत मोबाइलवर एक मेसेज फिरतो: "फवारणीचा ड्रोन थेट चीनमधून मागवा. पार्सलवर 'गिफ्ट' लिहायला सांगा. किंमत 5000 च्या आत दाखवा, ड्युटी शून्य. घरच्या वापराला लायसन लागत नाही. पूर्ण ड्रोन अडत असेल तर खोलून मागवा." यातला एकही सल्ला धड नाही.

"गिफ्ट लिहा." भेटवस्तूला 5000 ची सवलत कधीकाळी खरंच होती, म्हणून लोकांना हे पटतं. पण 12 डिसेंबर 2019 पासून पोस्टानं किंवा कुरिअरनं आलेला माल भेट म्हणून सोडवायला बंदी आहे; सूट फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांना. ड्युटी वाचवायला लिहिलेला शब्दच माल अडवतो.

"किंमत कमी दाखवा." शंका आली की कस्टमवाले पैसे पाठवल्याचा पुरावा मागतात. बँकेतून 20,000 गेले आणि बिल 4,800 चं, मग काय सांगणार? माल जप्त होऊ शकतो, वर दंड.

आणता येण्याजोग्या मालाचा खरा हिशेब असा. समजा पंपाचे भाग 20,000 चे, वाहतुकीचं भाडं आणि विमा बिलात वेगळे नाहीत. मग भाडं 20 टक्के म्हणजे 4,000 आणि विमा 1.125 टक्के म्हणजे 225 धरतात. किंमत झाली 24,225. मूळ ड्युटी 10 टक्के असली तर 2,422, तिच्यावर 10 टक्के अधिभार 242, आणि या सगळ्या बेरजेवर 18 टक्के आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) सुमारे 4,840. एकूण साधारण 7,505 रुपये. दर एचएसएन कोडप्रमाणे (मालाचा प्रकार सांगणारा नंबर) बदलतात, म्हणून कोड पैसे भरण्याआधीच विक्रेत्याकडून घ्या आणि इथल्या कस्टम एजंटकडून तपासून घ्या.

"लायसन लागत नाही." इथं लायसन म्हणजे आयईसी, परदेशातून माल मागवायला लागणारा नंबर. त्याची सूट वैयक्तिक वापरालाच आहे, तीही व्यापार, उत्पादन किंवा शेतीशी संबंध नसेल तर. 'शेती' हा शब्द नियमातच आहे. आयईसी डीजीएफटीच्या, म्हणजे परदेशी व्यापार पाहणाऱ्या केंद्राच्या खात्याच्या, पोर्टलवर 500 रुपयांत निघतो, नंबर पॅनचाच. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यावरची माहिती पुन्हा नक्की करावी लागते. विसरलात तर तो बंद पडतो आणि माल आल्यावरच ते कळतं.

"खोलून मागवा." 9 फेब्रुवारी 2022 च्या आदेशानं तयार ड्रोनसोबत अर्धवट किंवा पूर्ण सुटा केलेला ड्रोनही बाहेरून आणायला बंदी घातली; संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी तेवढा अपवाद. सुटे भाग खुले आहेत खरे, पण एकाच ड्रोनचे भाग तीन डब्यांत वाटले म्हणजे ते सुटे भाग होत नाहीत. त्यात लिथियम बॅटरी असली तर यूएन 38.3 चाचणीच्या (बॅटरी वाहतुकीला सुरक्षित असल्याच्या) कागदाशिवाय कुरिअरवालाच हात लावत नाही.

वाद चालू असताना गोदामाचं भाडं चढतच राहतं, आणि 30 दिवसांत न सोडवलेला माल विकला जाऊ शकतो. ड्रोनच हवा असेल तर देशातल्या विक्रेत्याकडून टाइप सर्टिफिकेट (ते मॉडेल मंजूर असल्याचा दाखला) पाहून घ्या आणि यूआयएन, म्हणजे ड्रोनच्या ओळख क्रमांकाची, नोंदणी कोण करून देणार, ते बिलाआधी ठरवा.