बाईंचं नाक

आमच्या गावच्या नाक्यावरचा सावित्रीबाईंचा अर्धपुतळा काढावा की ठेवावा, यावरून भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर कुस्ती चाललीय. पुतळा चांगला नाही, हे मलाही दिसतं. नाक कुणी चिमटीत धरून ओढल्यासारखं, पदर गोधडीएवढा जाड, आणि दरवर्षी ३ जानेवारी जवळ आली की वरून सोनेरी ऑइलपेंटचा नवा हात. पण धाकट्या चुलतभावाने लिहिलं, "ताई, तुमच्या लंडनमध्ये असलं ध्यान चाललं असतं का?" आणि माझं टाळकं सटकलं.

अरे, चालतं की! माझी १४१ नंबरची बस रोज न्यूइंग्टन ग्रीनवरून जाते. तिथे बायकांच्या हक्कांवर लिहिणाऱ्या मेरी वुलस्टनक्राफ्टबाईंनी १७८४ साली मुलींची शाळा काढली, म्हणजे सावित्रीबाईंच्या भिडेवाड्यातल्या शाळेच्या ६४ वर्षं आधी. त्यांच्या स्मारकासाठी लोकांनी दहा वर्षं खपून १ लाख ४३ हजार पौंड जमवले. २०२० मध्ये पडदा सरकला, तर चंदेरी धातूचा लोळ आणि त्याच्या टोकावर बाहुलीएवढी नागडी बाई! शिल्पकार मॅगी हॅम्बलिंग म्हणाल्या, हा मेरीचा पुतळा नव्हेच, मेरीसाठी आहे. लोकांनी त्या बाहुलीला टीशर्ट चढवले.

पार्लमेंट स्क्वेअरमधला, बायकांच्या मतासाठी लढलेल्या मिलिसंट फॉसेटचा पुतळा सुरेख आहे, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. वाद जिंकायचा होता.

आमच्या बाईंना निदान चेहरा आहे. चुकलेला का होईना, कुंकू आहे, आणि झेडपीच्या पोरी त्याला सावित्रीमाई म्हणून हात जोडतात. पन्नास-शंभरच्या पावत्या फाडून झालेलं काम ते. पुण्याचे अश्वारूढ शिवाजी महाराज घडवणारे करमरकर त्या पैशांत कुठून येणार?

"तुला रोज बघावं लागत नाही ना," भावाने लिहिलं. त्यावर मात्र मी गप्प बसले. अकरा वर्षांत तो पुतळा मी दोनदाच पाहिलाय. त्याच्या चौथऱ्यावर देणगीदारांची फरशी आहे. सातव्या ओळीत माझं नाव, पुढे कंसात 'लंडन'. काकांनी दोनदा फोन केला म्हणून पैसे पाठवले होते, आणि फरशीचा फोटो बघून मी हसले होते. आता रेशनकार्डावरून नाव गेलं, मतदारयादीतूनही गेलं. गावात ते उरलंय तेवढ्या फरशीवर.

काल भावाला विचारलं, पुतळा बदलला तरी फरशी राहील ना? त्याने नुसता अंगठा पाठवला.