परदेशातून: कच्ची गाणी आणि तालमीच्या कॅसेटी

मी राहतो त्या बर्मिंगहॅममध्ये १९९५ साली ‘ब्रॉडकास्ट’ नावाचा बँड सुरू झाला. जुन्या सिंथेसायझरचे थरथरते, खरखरीत सूर आणि त्यांवर ट्रिश कीनन यांचा शांत, जवळजवळ निर्विकार आवाज ही त्यांची ओळख होती. डिसेंबर २०१०मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर कीनन यांना स्वाइन फ्लू झाला, तो न्यूमोनियावर गेला आणि १४ जानेवारी २०११ रोजी, वयाच्या ४२व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मागे चार-ट्रॅकच्या टेप आणि मिनिडिस्क (ध्वनिमुद्रणाच्या छोट्या डिजिटल चकत्या) यांचा मोठा साठा राहिला. त्यांचे जोडीदार आणि बँडमधले सहकारी जेम्स कारगिल यांच्या हातून या साठ्यातला ‘स्पेल ब्लँकेट’ हा ३६ कच्च्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह मे २०२४मध्ये ‘वॉर्प’ कंपनीतर्फे बाहेर आला. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला, म्हणजे कीनन यांच्या वाढदिवशी, ‘डिस्टंट कॉल’ हा दुसरा संग्रह आला आणि तो शेवटचा असल्याचे जाहीर झाले.

या संग्रहांची आठवण होण्याचे कारण मात्र पुण्यातले आहे. माझ्या आत्याने १९८०च्या सुमारास एका बुजुर्ग गायिकेकडे सात-आठ वर्षे तालीम घेतली. त्या तालमीच्या कॅसेटी बुटांच्या खोक्यात पडून होत्या. चुलतभावाने गेल्या दिवाळीत त्या डिजिटल करून घेतल्या आणि आता त्या इंटरनेटवर टाकाव्यात की नाही, यावरून घरात दोन तट पडले आहेत. हा वाद आमच्या घरापुरता नाही. महाराष्ट्रात संगीताची आवड असलेल्या कित्येक घरांत अशी खोकी आहेत, आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवादही ठरलेले आहेत. एक बाजू म्हणते, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांचे ध्वनिमुद्रण नसल्यामुळे त्यांचे गाणे आपल्याला शिष्यांवरून आणि आठवणींवरूनच ताडावे लागते, तर मग हाती असलेला ठेवा दडवून ठेवण्यात कसले शहाणपण? दुसरी बाजू म्हणते, बाईंनी हयातीत जे लोकांपुढे मांडले नाही, ते त्यांच्या पश्चात मांडणारे आपण कोण?

पहिल्या बाजूचा माझा भाऊ मला ब्रॉडकास्टचाच दाखला देतो: ‘तुमच्याकडे बघ, किती सहज करतात!’ तो दाखला मला अर्धाच पटतो. ‘स्पेल ब्लँकेट’ मी अनेकदा ऐकला आहे. त्यात टेपची खरखर तशीच ठेवली आहे. काही तुकडे मिनिटभरात संपतात, काही ठिकाणी साथीशिवाय नुसता आवाज आहे, आणि चाल सापडते न सापडते तोच गाणे थांबते. हे तुकडे जोडून, वर नवे ढोल-ताशे चढवून एखादा ‘नवा अल्बम’ उभा करणे आजच्या तंत्राने अवघड नव्हते. तसे केले नाही, आणि शीर्षकातच हे कच्चे खर्डे असल्याचे वर्षांसह छापले. दुसऱ्या संग्रहात एक गाणे असे आहे की बँडने २००६मध्ये श्रोत्यांना पोस्टकार्डावर ओळी लिहून पाठवायला सांगितले होते, त्याला कीनन यांनी दिलेले ते उत्तर. ते कारगिल यांना कीनन यांच्या मृत्यूनंतर सापडले. ते गाणे मुळात श्रोत्यांना देण्यासाठीच केलेले होते, फक्त पोहोचायला उशीर झाला. यात मला ‘सहज’ काही दिसत नाही; निधनापासून पहिल्या संग्रहापर्यंत १३ वर्षे गेली आहेत.

आपल्याकडे या वादात खासगी मैफलीची टेप आणि तालमीची टेप एकाच मापाने मोजली जाते, हे मला खटकते. मैफल खासगी असली तरी ती पूर्ण झालेली असते. गायकाने समोरच्या पन्नास माणसांसाठी का होईना, ती मांडलेली असते. कीनन यांच्या मिनिडिस्कशी नाते सांगायचे तर ते तालमीचे, जिथे तान तीनदा फसते आणि चौथ्यांदा बसते. पण तिथेही एक फरक उरतोच. मिनिडिस्कवर कीनन स्वतःशीच गात होत्या, आणि तालमीत दोन माणसे असतात. आमच्या मारवा रागाच्या कॅसेटवर बाई रिषभ, म्हणजे ‘रे’ हा स्वर, लावून दाखवतात, आत्या तो उतरलेला लावते, बाई तंबोरा थांबवतात आणि म्हणतात, “ऐकतेस की नुसती गातेस?” मग बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. बाहेरून रिक्षा गेल्याचा आवाज तेवढा येतो.

कायद्याने पाहिले तर कलावंताचा हक्क भारतात ५० वर्षे टिकतो आणि २०१२च्या दुरुस्तीने सादरीकरणाची विटंबना रोखण्याचा नैतिक हक्कही त्याला मिळाला आहे. पण घरगुती कॅसेट इंटरनेटवर टाकताना कोणी कायद्याचे पुस्तक उघडून बसत नाही. बहुतेक वेळा कोणाला विचारलेच जात नाही. रागाचे नाव चुकते, साल अंदाजाने घातले जाते, आणि सुरुवातीचा तंबोरा ‘रिकामा भाग’ म्हणून कापून टाकला जातो. आमच्या घरच्या दोन्ही तटांनी बाईंच्या इच्छेवर महिनाभर खल केला, आणि त्याच कॅसेटवरचा दुसरा आवाज चौऱ्याहत्तराव्या वर्षी शेजारच्या खोलीत बसलेला आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. याला मीही अपवाद नव्हतो. इतक्या लांबून तत्त्वाच्या गोष्टी लिहून पाठवणे सोपे असते.

मागच्या रविवारी मी आत्याला फोन केला. ती म्हणाली, बाईंच्या मुलीला आधी पत्र टाका, तिची हरकत नसेल तर मारवा द्या, माझे बेसूर त्यात राहिले तरी चालेल, कारण बाईंचा रिषभ त्याशिवाय कळणार नाही. मात्र भैरवीच्या कॅसेटची दुसरी बाजू कोणालाही ऐकवायची नाही. का, ते तिने सांगितले नाही. भावाने त्या बाजूची फाइल तिच्यासमोर वेगळी काढून पेनड्राइव्हवर घालून दिली, आणि ती आता तिच्या कपाटात आहे.