मामाचा ऊस आणि अप्पांची चेतक

वाटणीत धाकट्याला माळावरची दोन एकर गेली, बहिणीला आईच्या पाटल्या आणि मला अप्पांची चेतक स्कूटर. बजाजनं ही गाडी १९७२ साली काढली, आमची १९८६ची. आमच्याकडे ती वर्षातून दोनदाच बाहेर पडते. पावसाळा संपला की मेस्त्रीकडे, ढकलत. आणि दसऱ्याला पूजा झाल्यावर गल्लीतून एक फेरी, जमलं तर बसून.

अप्पांच्या वेळी पेट्रोलचं काम सोपं होतं. लिटरला वीस मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑईल. पंपावरचा पोरगा दांडा ओढून ते सोडायचा आणि अप्पा हँडल धरून गाडी अशी हलवायचे, जणू ताक घुसळतायत. चालू नाही झाली तर कानात पाणी गेलेल्या पोराला करतात तशी तिला कलती करायची, परत किक. झालं.

यंदा जूनमध्ये टाकी अर्धी असताना मी तिच्यावर ताडपत्री टाकली. कोल्हापूरचा पाऊस चार महिने पडला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी किक मारायला घेतली. तिसाव्या किकला गाडीऐवजी चप्पल सुटली आणि शेजारच्या काकूंच्या तुळशीत पडली.

मेस्त्रीनं पेट्रोलात हवा मिसळणारा कार्बोरेटर उघडला. तळाशी मधासारखा चिकट थर. वास पेट्रोलचा नाही, कपाटाला मारतात त्या व्हार्निशचा. पेट्रोल जायच्या जेटचं सुईएवढं भोक पार बुजलेलं आणि रबरी पाईप शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा मऊ.

"साहेब, ह्यात आता वीस टक्के इथेनॉल हाय. पाणी वढतंय ते."

वीस टक्क्यांचं सरकारी उद्दिष्ट आधी २०३०चं होतं, ते अलीकडे आणून २०२५चं केलं. वेळेआधी आलेली एकमेव सरकारी गोष्ट नेमकी माझ्या टाकीत यावी!

माझा विश्वास बसेना. पंपावरून नुकत्याच गाडी भरून आलेल्या भाच्याच्या टाकीतून शंभर मिली पेट्रोल काढलं आणि चिरंजीवांचं शाळेचं मोजपात्र घेतलं.

"अहो, अंगणात करा. आणि माझा गॅस चालू आहे," आतून हुकूम आला.

अंगणात त्यात वीस मिली पाणी घातलं, हलवलं, ठेवून दिलं. जरा वेळानं पाहतो तर तळाशी चाळिसाच्या आसपास थर! वीस ठेवले, चाळीस झाले. आमच्या पतसंस्थेतही इतक्या लवकर दामदुप्पट होत नाही. झालं होतं इतकंच, की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडून पाण्याशी जाऊन मिळालं होतं. टाकीत असं झालं तर पंचाईत अशी, की इंजिनाकडे पेट्रोल सोडणारा कॉक तळाशी. म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्याच सरबताचा.

तेवढ्यात शिरोळहून मामा आले. त्यांचा ऊस कारखान्याला जातो.

"गाडी आमच्या उसावर चालतीया आणि वर नावं ठेवतोस?"

इथेनॉल मक्याचं आणि तुकडा तांदळाचंही होतं, पण मामांसमोर हे बोलायची सोय नाही.

आता पुढच्या पावसाळ्याचं काय, म्हणून सल्ले गोळा केले. भाचा म्हणाला, टाकी गच्च भरून ठेव, हवा राहिली की दमट होऊन पत्रा गंजतो. शेजारचे काका म्हणाले, रिकामी ठेव, म्हणजे नासायला काही उरतच नाही. मी विचारलं, काढलेलं पेट्रोल कुठं ठेवू? त्यावर आमच्या घरातून जे उत्तर आलं, ते छापण्यासारखं नाही. मेस्त्रीचा सल्ला मला पटला: कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटर कोरडा. टाकीतलं जुनं पेट्रोल मात्र त्यानं थेंबथेंब काढून टाकलं, हे सांगायचं तो विसरला.

दसऱ्याला हार घातला, नारळ फोडला, किक मारली. ढिम्म. मग पाण्याची बाटली घेऊन पंपावर गेलो. तिथं पाटी: बाटलीत पेट्रोल मिळणार नाही.

"गाडी घेऊन या, काका."

"अरे, पेट्रोल असतं तर आणली असती!"

शेवटी मी हँडल धरलं, मामांनी मागून जोर लावला आणि झेंडूच्या हारासकट चेतक पंपावर पोचली. पोरानं नळी उचलली. "साधं का प्रीमियम?"

मामा धापा टाकत मागून म्हणाले, "साधंच घाल. त्यात आमचं वीस टक्के हाय."