करंजी नेमकी कुठल्या महिन्यात पाप असते?

दिवाळी जवळ आली की आपल्या मंडळीत दरवर्षी तोच विषय निघतो, शेजारच्या काकूंनी फराळाचं ताट पाठवलं तर घ्यायचं का नाही, आणि घेतलं तर खायचं का नुसतं कामवाल्या मावशींना द्यायचं. मी नगरकडचा, चौथ्या पिढीचा ख्रिस्ती, दोन्ही बाजूंचं भरपूर ऐकलंय आणि दोन्ही बाजूंचं भरपूर खाल्लंय, त्यामुळे यंदा एकदाच सगळं सांगून टाकतो म्हणजे ऐनवेळी दारात घोळ नको.

तर ताट आलं की आधी चौकशी करायची. "काकू, हे देवापुढे ठेवलं नव्हतं ना?" हसत विचारा पण विचाराच. आता बायबलात प्रेषित पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, दहाव्या अध्यायात, बरोब्बर उलटं लिहून ठेवलंय ही जरा अडचण आहे. बाजारात मिळतं ते खा, परक्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढ्यात येईल ते खा, खोदून विचारत बसू नका, फक्त समोरच्याने स्वतःहून सांगितलं की हे नैवेद्याचं आहे तर मग हात आवरा. म्हणजे काकू गप्प असतील तर चकली खुशाल खाता येते. पण गप्प बसून चकली खाल्ली तर बिल्डिंगला आपली श्रद्धा कळणार कशी सांगा?

एवढं करूनही खावंसं वाटलंच, तर दुर्बळ बंधू आठवा. याच पत्रात आठव्या अध्यायात तो आहे, की तुमच्या खाण्याने एखादा दुर्बळ विश्वासू अडखळत असेल तर जपा. फार उपयोगाचा माणूस आहे हा. गेली तीस वर्षं मी याला शोधतोय. प्रत्येक सभेत त्याचं नाव निघतं, प्रत्येक जण त्याच्या काळजीने अर्धा झालेला असतो, पण "तो दुर्बळ मी आहे हो, मला त्रास होतो" असं म्हणत अजून एकही माणूस उभा राहिलेला नाही. सगळे सशक्त, आणि सगळे त्या न आलेल्या बंधूसाठी लाडू सोडून बसलेत.

आता कंदील. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गॅलरीत लावला तर तो आकाशकंदील, म्हणजे अंधश्रद्धा. डिसेंबरात लावला की तो बेथलेहेमचा तारा. कागद तोच, पाच कोन तेच, आतला बल्ब तोच, आणि दुकानदारही तोच असतो बरं का, दिवाळीचा उरलेला माल पुढच्या महिन्यात आपल्याला खपवतो आणि आपण पन्नास रुपये कमी करून घेतल्याच्या आनंदात घरी येतो. तेव्हा तारखेकडे लक्ष ठेवा, बाकी काही नाही.

करंजीचंही तसंच. आमच्याकडे नाताळाला करंज्या, शंकरपाळे, चकल्या सगळं होतं, आई दोन रात्री जागते. गोव्यात नाताळच्या ताटात नेवऱ्या असतातच, नेवरी म्हणजे कोण तर करंजीच, नाव बदलून मिस्साला जाऊन आलेली. म्हणजे सारण पाप नाही, तूप पाप नाही, महिना पाप आहे. नोव्हेंबरात जी करंजी आत्म्याला घातक, ती पाच आठवड्यांनी एकदम पवित्र होते, आणि मधल्या काळात तिने पश्चात्ताप वगैरे काही केलेला नसतो.

मग नावांचं काय करायचं? इथे खरंच अवघड आहे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नाव ठेवलं तेच, नारायण वामन. पाडव्याची बळीची गोष्ट ज्या वामनाची, तो वामन. बायकोने १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, तिचं नाव लक्ष्मी. अर्धी दिवाळी एका घरात नांदत होती आणि दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही, कमाल आहे. वर या माणसाने अभंग लिहिले, भजनं लिहिली, आजही आपण ती पेटी-तबल्यावर म्हणतो आणि म्हणताना टाळ्याही वाजवतो. माझा सल्ला असा की येत्या रविवारी उपासनेत त्यांचं गीत लागलं की तोंड घट्ट मिटून उभं राहायचं. अरे पण रविवार म्हणजे तरी काय, रवीचाच वार! जाऊ दे, सोमवारी बघू. सोम म्हणजे... बरं तेही राहू दे.

पाडव्याला गुढी उभारायची नाही हे तर ठरलेलंच आहे, ते हिंदू नववर्ष. आपलं नववर्ष एक जानेवारी. ३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये उपासना, बाराला घंटा, सगळे एकमेकांना मिठ्या मारतात, वर्षातला सगळ्यात भरलेला कार्यक्रम तोच. आणि जानेवारी हे नाव आलंय जानुस या रोमन देवावरून, त्याला दोन तोंडं असतात. दोन तोंडांचा देव आपल्याला चालतो, सोयीचाच पडतो.

पंचांगही घरात नको. तिथी-बिथी बघणं आपल्यात बसत नाही. फक्त ईस्टर कधी ते ठरवायला तेवढी पौर्णिमा लागते, म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्या पुढचा रविवार. बाकी चंद्राशी आपला संबंध नाही.

आता काही जण म्हणतील एवढं कडक होऊन कोणाचं भलं झालंय. त्यांना इतिहास माहीत नाही. १६५९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन लोकांनी कायदा केला, नाताळ साजरा करताना सापडलात तर पाच शिलिंग दंड. नाताळ! दिवाळी नाही, साक्षात नाताळ. त्यांचं म्हणणं की शास्त्रात ही तारीख कुठेच नाही, आणि खरंच नाहीये. रोममध्ये २५ डिसेंबरला हा सण पाळल्याची पहिली नोंद ३३६ सालची आहे, म्हणजे प्रभूच्या जन्मानंतर तीनशेहून जास्त वर्षांनी. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. तेव्हा खरं शुद्ध राहायचं असेल तर २५ तारखेला सकाळी ऑफिसला जा आणि केक पाठवणाऱ्या मेव्हण्याला पाच शिलिंग मागा.

गोव्यात तर याहून बारकाईने काम झालं होतं. १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाने, हुकूम काढला, ख्रिस्ती घराजवळ तुळस नको, लग्नात ओव्या नकोत, विडा-सुपारी नको, आणि भात हिंदूंसारखा बिनमिठाचा शिजवायचा नाही. हो, भातातलं मीठ. आज घरी गेल्यावर कुकर उघडून एक घास खाऊन बघा, अळणी लागला तर कुठल्या तोंडाने प्रभूभोजनाला जाणार आहात ते तुमचं तुम्ही ठरवा. हुकूम निघाले, वर्षं गेली, आणि ओव्या काय तुळस काय, लोकांनी जमेल तेवढं जपलंच, फक्त काहींनी अंगणात जिथे तुळस होती तिथे क्रूस उभा केला आणि संध्याकाळचा दिवा तसाच चालू ठेवला.

संक्रांतीचं थोडक्यात. तिळगूळ घ्या, गोड बोलायचं नाही.

आमच्याकडे मध्यंतरी एका तरुण पाळकसाहेबांचं ऐकून आईने काकूंचं ताट खरोखर परत पाठवलं होतं, "आमच्यात चालत नाही" म्हणून. काकू काही बोलल्या नाहीत. ताट घेऊन गेल्या. अडचण महिन्याभराने आली, कारण नाताळाच्या करंज्यांना लागणारं कातणं आमच्याकडे कधीच नव्हतं, ते दरवर्षी काकूंकडून यायचं, पितळेचं, त्यांच्या सासूबाईंच्या वेळचं. आईने आधी सुरीने कापून बघितलं. करंज्या तेलात फुटल्या. मग तिने मला पाठवलं, मी चाळिशीचा बाप्या त्यांच्या दारात शाळकरी पोरासारखा उभा, आणि काकूंनी कातणं हातात ठेवून एवढंच विचारलं, "का रे, देवापुढे ठेवणार नाहीस ना?"

तेव्हा शेवटचा सल्ला, ताट परत पाठवायचं असेल तर आधी बाजारातून स्वतःचं कातणं आणून ठेवा. आजकाल प्लॅस्टिकची मिळतात, पण त्यांनी काठ नीट बंद होत नाही.